दोनदा मांडलेला, दोनदा मोडलेला डाव: ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय रग्बी स्पर्धेचं प्रकरण

ऑस्ट्रेलियात रग्बी युनियनची देशांतर्गत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा दोन वेळा सुरू झाली. पहिली, ऑस्ट्रेलियन रग्बी चॅम्पियनशिप, 2007 साली एकच हंगाम खेळली गेली. दुसरी, नॅशनल रग्बी चॅम्पियनशिप, 2014 ते 2019 असे सहा हंगाम चालली. आज दोन्ही बंद आहेत. दोन वेळा विश्वचषक जिंकलेल्या, आणखी दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचलेल्या देशाला स्वतःच्या घरात एक राष्ट्रीय स्पर्धा टिकवता आली नाही.

बंद पडण्याचं कारण विचारलं की सगळे पैशांकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही. पण पैसा न येण्यालाही कारण असतं आणि या प्रकरणातलं खरं शिकण्यासारखं तिथेच आहे. माझं म्हणणं असं, की या दोन्ही स्पर्धा निवड समितीची अडचण सोडवायला काढल्या होत्या. प्रेक्षकाने कुठल्या संघाला आपलं म्हणायचं, हा प्रश्न कुणी नीट विचारलाच नाही. जिथे त्याचं उत्तर आपोआप मिळालं, तिथे स्पर्धा जगली.

पोकळी कुठे होती

ऑस्ट्रेलियात रग्बी म्हणजे दोन खेळ. पंधरा खेळाडूंची युनियन आणि तेरा खेळाडूंची लीग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फूट पडली आणि सिडनी-ब्रिस्बेनच्या कामगार वस्त्या लीगकडे गेल्या. मेलबर्न, अ‍ॅडलेड, पर्थ इथे तर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचंच राज्य. युनियनच्या वाट्याला मुख्यतः न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड ही दोन राज्यं उरली. तिथे तिची मुळं मात्र खोल आहेत. सिडनीची क्लब स्पर्धा 1874 पासूनची. तिची ढाल म्हणजे शूट शील्ड. 1922 साली सामन्यातल्या दुखापतीने मरण पावलेल्या शूट नावाच्या तरुण खेळाडूच्या स्मरणार्थ ती पुढच्या वर्षापासून दिली जाऊ लागली. ब्रिस्बेनचा हॉस्पिटल कप 1899 पासूनचा. कूजी ओव्हलवर रँडविक, मॅनली ओव्हलवर मॅनली, नॅराबीनजवळ वॉरिंगा: आजोबा खेळले, बाप खेळला, आता नातू खेळतोय, अशी ही मैदानं. 1988 साली न्यूझीलंडचा राष्ट्रीय संघ दौऱ्यावर आला तेव्हा कूजीला येऊन तो चक्क रँडविक या क्लबशी खेळला होता.

1995 मध्ये रग्बी युनियन व्यावसायिक झाली. 1996 पासून न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेबरोबर सुपर 12 (पुढे तिलाच सुपर रग्बी म्हणू लागले) सुरू झाली आणि तिच्यात ऑस्ट्रेलियाचे वॅराटाज, रेड्स आणि ब्रंबीज हे तीन संघ उतरले. राज्याचे संघ वरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गेले आणि खाली थेट क्लब उरले. मुंबईच्या वाचकासाठी सांगायचं तर कांगा लीग आहे, भारतीय संघ आहे आणि मधली रणजी गायब आहे, असं चित्र. न्यूझीलंडकडे प्रांतांची राष्ट्रीय स्पर्धा 1976 पासून आहे. दक्षिण आफ्रिकेचा करी कप 1892 पासूनचा. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटकडेही शेफील्ड शील्ड आहेच. रग्बीच्या मधल्या पायरीवर मात्र काहीच नव्हतं.

ही पोकळी खरी होती, हे आधीच मान्य करायला हवं. सुपर रग्बीचा हंगाम संपला की संघातला विसावा-पंचविसावा खेळाडू परत क्लबकडे जाई. तिथे त्याच्यासमोर दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणारे खेळाडू असत. त्याच वेळी न्यूझीलंडचा त्याच्या वयाचा, त्याच दर्जाचा खेळाडू दर आठवड्याला तोलामोलाच्या माणसांशी झुंजत असे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड ज्यासाठी खेळतात तो ब्लेडिस्लो कप 2003 मध्ये न्यूझीलंडकडे गेला आणि तिथेच राहिला. ऑस्ट्रेलियात यावर चर्चा झाली की बोट मधल्या गहाळ पायरीकडेच जाई.

2007: एक हंगाम

2003 चा विश्वचषक ऑस्ट्रेलियात झाला आणि ऑस्ट्रेलियन रग्बी युनियनच्या तिजोरीत चांगली भर पडली. गॅरी फ्लॉवर्स मुख्य कार्यकारी असताना त्या जोरावर स्पर्धा आखली गेली. आठ संघ ठरले. सिडनी फ्लीट, वेस्टर्न सिडनी रॅम्स, सेंट्रल कोस्ट रेज, कॅनबेरा वायकिंग्ज, मेलबर्न रेबेल्स, पर्थ स्पिरिट, ब्रिस्बेनचा बॅलिमोर टॉर्नेडोज आणि गोल्ड कोस्टचा ईस्ट कोस्ट एसेस.

या यादीतल्या सेंट्रल कोस्ट रेजकडे नीट पाहावं. हा संघ सिडनीच्या उत्तरेकडच्या जुन्या क्लबांचा, मॅनली, वॉरिंगा, गॉर्डन वगैरेंचा. पण त्याचं घरचं मैदान होतं गॉस्फर्डला, सिडनीपासून उत्तरेला तासाभराहून अधिक अंतरावर. कल्पना अशी की तिथे नवं स्टेडियम आहे, नवा प्रेक्षक मिळेल. झालं असं, की मॅनलीच्या माणसाला आपले खेळाडू पाहायला दुसऱ्या गावी जावं लागलं आणि गॉस्फर्डच्या माणसासमोर मॅनलीचे खेळाडू आले. कागदावर हा एक संघ होता, प्रत्यक्षात तो दोन्हीकडच्या लोकांना अर्धाच मिळाला.

वेळही बिकट निवडली गेली. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा ऑस्ट्रेलियात लीग आणि ऑस्ट्रेलियन रूल्सच्या बाद फेऱ्यांचा काळ. वर्तमानपत्रांची मागची पानं त्यांनीच भरलेली असतात. शिवाय त्या वर्षी फ्रान्समध्ये विश्वचषक होता, त्यामुळे देशातले सर्वांत ओळखीचे चेहरे तिकडे होते. अंतिम सामना 6 ऑक्टोबरला गॉस्फर्डला झाला आणि रेजने मेलबर्न रेबेल्सना 20-12 असं हरवलं. त्याच तारखेला मार्सेलमध्ये इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला 12-10 ने हरवून विश्वचषकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी रग्बीवाले कशाबद्दल बोलत होते हे सांगायला नको.

दरम्यान जूनमध्ये जॉन ओ'नील मुख्य कार्यकारी म्हणून परत आले होते. 1995 ते 2003 त्यांनीच ही संस्था चालवली होती. मधली काही वर्षं ते फुटबॉलकडे होते. त्यांच्या हाती आलेली स्पर्धा त्यांनी आखलेली नव्हती. हंगाम संपला तेव्हा तोटा सुमारे 47 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा निघाला. डिसेंबरमध्ये स्पर्धा गुंडाळली गेली.

ओ'नील यांच्यावर तेव्हा बरीच टीका झाली. मला ती अर्धीच पटते. विश्वचषकाचा पैसा आटत आलेला असताना दरसाल असा तोटा सोसणं सोपं नव्हतं. पण नवी स्पर्धा एका हंगामात जोखायची, हेही चुकीचंच. करी कपला पहिल्या वर्षी कुणी ताळेबंद विचारला असता तर तोही उरला नसता. संस्थेने किती वर्षं तोटा सोसायची तयारी आहे हे सुरुवातीलाच ठरवायला हवं होतं. तसा काही वायदा असता तर नव्या माणसालाही तो पाळावा लागला असता.

त्या एका हंगामाने एक गोष्ट मागे ठेवली. जागतिक संघटनेच्या प्रायोगिक नियमांची चाचणी तिथे झाली. स्वतःच्या संघाने चेंडू आपल्या 22 मीटरच्या रेषेमागे नेला आणि तिथून थेट बाहेर मारला तर जागेचा फायदा मिळत नाही, हा आज जगभर पाळला जाणारा नियम त्या प्रयोगांमधलाच.

2014: पुन्हा मांडामांड

बिल पल्व्हर 2013 मध्ये मुख्य कार्यकारी झाले आणि त्यांनी हा विषय परत काढला. या वेळी खर्चाला लगाम होता. संस्थेने सगळं स्वतः चालवण्याऐवजी परवाने दिले. क्लब, राज्य संघटना, विद्यापीठं एकत्र येऊन संघ उभा करतील आणि खर्चाचा भार वाटून घेतील. फॉक्स स्पोर्ट्सचं प्रक्षेपण मिळालं, बिल्डकॉर्प या बांधकाम कंपनीचं नाव स्पर्धेला लागलं. नऊ संघ ठरले आणि 21 ऑगस्ट 2014 ला, गुरुवारी, पहिला हंगाम सुरू झाला.

क्वीन्सलँडचे दोन संघ होते, ब्रिस्बेन सिटी आणि क्वीन्सलँड कंट्री. कॅनबेरा, मेलबर्न आणि पर्थचा प्रत्येकी एक. न्यू साउथ वेल्सचे चार, त्यातले तीन एकट्या सिडनीचे: स्टार्स, रॅम्स आणि रेज. चौथा कंट्री ईगल्स, गावोगावी फिरून खेळणारा.

खेळ वेगवान व्हावा म्हणून गुणच बदलले. पेनल्टी आणि ड्रॉप गोलला तीनऐवजी दोन गुण, ट्रायनंतरच्या (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवल्यानंतर खांबांमधून मारायच्या) कन्व्हर्जनला दोनऐवजी तीन. परिणाम दिसला. संघ खांबांकडे चेंडू मारण्याऐवजी हातात घेऊन धावू लागले, ट्राय भराभर होऊ लागल्या. मला हे सामने बघायला आवडत. पण नवख्या स्पर्धेला लागते ती ओळख, आणि इथे रोजचा रग्बी बघणारा माणूससुद्धा धावफलक बघून क्षणभर अडखळे. प्रयोगशाळा आणि अजिंक्यपद ही दोन्ही कामं एकाच स्पर्धेवर लादली की दुसरं हलकं होतं.

होरान-लिटल शील्डचंही तसंच. टिम होरान आणि जेसन लिटल हे क्वीन्सलँडमधल्या टूवुम्बाचे बालमित्र. 1991 आणि 1999 चे दोन्ही विश्वचषक जिंकलेल्या संघांत दोघे होते. त्यांच्या नावाने आव्हानाची ढाल (जिच्याकडे असेल त्या संघाला हरवणाऱ्याकडे जाणारी) काढली, न्यूझीलंडच्या रॅनफर्ली शील्डच्या धर्तीवर. कल्पना सुंदर होती आणि नावंही योग्य. पण रॅनफर्ली शील्डसाठी पहिलं आव्हान 1904 मध्ये दिलं गेलं. तिच्यासाठी शंभर वर्षं गावं एकमेकांशी भांडली आहेत. होरान-लिटल शील्डला सहा हंगाम मिळाले, आणि तेवढ्यातही तिच्यासाठी लढणाऱ्या संघांची नावं बदलत राहिली.

सिडनी का आली नाही

सहाही अंतिम सामन्यांची यादी मांडली तर प्रकरणाचा गाभा दिसतो. 2014: ब्रिस्बेन सिटीने पर्थ स्पिरिटला 37-26 ने हरवलं. 2015: ब्रिस्बेन सिटीनेच कॅनबेराला 21-10 ने. 2016: पर्थने कंट्री ईगल्सना 20-16 ने. 2017: क्वीन्सलँड कंट्रीने कॅनबेराला 42-28 ने. 2018: फिजियन ड्रुआने क्वीन्सलँड कंट्रीला 36-26 ने. 2019: वेस्टर्न फोर्सने कॅनबेराला 41-3 ने. सहा वर्षांत सिडनी शहराचा एकही संघ अंतिम सामन्यात नाही. देशातलं युनियनचं सर्वांत मोठं शहर, सर्वाधिक खेळाडू तिथे, सर्वांत जुने क्लब तिथे, आणि संघ मात्र एकामागून एक विझत गेले. स्टार्स 2015 नंतर बंद, रॅम्स 2017 नंतर बंद. 2018 मध्ये शहराचा एकच संघ उरला होता.

सिडनीत दर्जा कमी नव्हता. तिथे निष्ठा आधीच वाटून झाल्या होत्या. स्टार्स म्हणजे मुख्यतः सिडनी युनिव्हर्सिटी आणि बॅलमेन. सिडनी युनिव्हर्सिटी 2005 पासून सलग सहा वर्षं शूट शील्ड जिंकलेली, म्हणजे बाकी सगळ्यांनी हरवायचा क्लब. रँडविकच्या माणसाने शनिवारी ज्यांच्या नावाने बोटं मोडली त्यांच्यासाठी पुढच्या गुरुवारी टाळ्या वाजवायच्या, अशी अपेक्षा होती. वर क्लबांची तक्रार वेगळीच होती. आम्ही मुलं घडवतो, केंद्रीय अनुदान आम्हाला मिळत नाही, पण वरच्या स्पर्धेसाठी पैसा निघतो. ईस्टवुड क्लबचे ब्रेट पॅपवर्थ, स्वतः माजी राष्ट्रीय खेळाडू, ही बाजू वर्षानुवर्षं जाहीरपणे मांडत आले. त्यांचं सगळंच मला पटत नाही, कारण क्लब रग्बीतून थेट कसोटीला खेळाडू घडतो हे आता खरं राहिलेलं नाही. पण क्लबांना बाजूला सारून सिडनीत काही उभं राहत नाही, हे त्यांचं म्हणणं निकालांनीच सिद्ध केलं.

उलट टॅमवर्थ बघा. 2016 चा अंतिम सामना स्कली पार्कवर झाला. सिडनीपासून चारशे किलोमीटर आत, ग्रामीण संगीत आणि शेतीसाठी ओळखलं जाणारं गाव. राष्ट्रीय पातळीवरची अंतिम लढत तिथे यावी हीच मोठी गोष्ट. कंट्री ईगल्स चार गुणांनी हरले, पण आपल्या भागाचा संघ म्हणजे काय, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पर्थचंही तेच. देशाच्या दुसऱ्या टोकाचं शहर, एकच संघ, वाटण्या नाहीत. ऑगस्ट 2017 मध्ये संस्थेने पर्थच्या वेस्टर्न फोर्सला सुपर रग्बीतून काढलं आणि न्यायालयातही फोर्सच्या बाजूने निकाल लागला नाही. उद्योगपती अँड्र्यू फॉरेस्ट यांनी संघ सांभाळला आणि 2018 पासून स्पिरिटच्या जागी फोर्स हेच नाव राष्ट्रीय स्पर्धेत उतरलं. ज्या संस्थेने घराबाहेर काढलं तिच्याच स्पर्धेत 2019 मध्ये पर्थच्या मॅकगिलिव्हरी ओव्हलवर त्यांनी कॅनबेराला 41-3 ने धुतलं. ही त्या स्पर्धेची शेवटची लढत ठरली. कॅनबेराचा तो तिसरा अंतिम सामना, आणि तिन्ही हरले.

लाऊटोका

2017 मध्ये जागतिक संघटनेच्या पाठबळाने फिजीचा ड्रुआ संघ या स्पर्धेत आला. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत परदेशी संघ कशाला, असं वाटू शकतं. पण आजवर फिजीचा चांगला खेळाडू विशीत फ्रान्स, न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाला जाई आणि घरच्या लोकांना तो टीव्हीवरच दिसे. आता सुवा, लाऊटोका, सिगाटोका इथे व्यावसायिक संघांविरुद्ध घरचे सामने होऊ लागले. सेनिरुसी सेरुवाकुला प्रशिक्षक होते. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर 2018 मध्ये, लाऊटोकाच्या चर्चिल पार्कवर ड्रुआने अंतिम सामना जिंकला. या स्पर्धेत आपल्या संघाभोवती इतकी गर्दी आणि इतकं प्रेम दुसऱ्या कुणी जमवलं नाही. त्यासाठी जाहिरातही लागली नाही. एक अख्खा देश आणि त्याचा एकच संघ, एवढं पुरेसं होतं.

या स्पर्धेने ऑस्ट्रेलियालाही दिलं. सामू केरेव्ही ब्रिस्बेन सिटीकडून खेळला आणि पुढे राष्ट्रीय संघाचा आधार झाला. प्रशिक्षक घडले. निक स्टाइल्स यांनी ब्रिस्बेन सिटीला पहिली दोन विजेतेपदं मिळवून दिली आणि रेड्सची जबाबदारी घेतली. ब्रॅड थॉर्न यांनी 2017 मध्ये क्वीन्सलँड कंट्रीला जिंकून दिलं आणि लगेच पुढच्या वर्षी ते रेड्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. निवड समितीला हवं होतं ते मिळत होतं. तिजोरीला आणि प्रेक्षकाला हवं होतं ते मिळत नव्हतं. बिल्डकॉर्पचं नावही गेलं होतं. 2018 मध्ये महिलांची सुपर डब्ल्यू स्पर्धा सुरू झाली तेव्हा ते नाव तिच्यापुढे लागलं.

2020

रग्बी ऑस्ट्रेलिया (ऑस्ट्रेलियन रग्बी युनियनचं नवं नाव) 2019 अखेर 94 लाख डॉलरच्या तोट्यात होती. त्यात कोविड आला. मुख्य कार्यकारी रायलीन कासल यांनी एप्रिल 2020 मध्ये राजीनामा दिला, जूनमध्ये सुमारे एक तृतीयांश कर्मचाऱ्यांना जावं लागलं. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा झालीच नाही. नोव्हेंबरमध्ये प्रक्षेपणाचा नवा करार नाइन आणि स्टॅनबरोबर झाला. त्यात राष्ट्रीय स्पर्धेला जागा नव्हती. जागा मिळाली शूट शील्डला आणि क्वीन्सलँडच्या क्लब रग्बीला. प्रसारकाने स्वतःचा पैसा लावताना तिथे लावला जिथे प्रेक्षक आधीपासून उभा होता. सिडनीच्या क्लबांचा हा विजयच म्हणावा लागेल, पण मधली पायरी पुन्हा रिकामी झाली.

ड्रुआ 2022 मध्ये सुपर रग्बी पॅसिफिकमध्ये दाखल झाला. 17 सप्टेंबर 2023 ला सेंट-एटिएनमध्ये फिजीने विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला 22-15 ने हरवलं, 1954 नंतर पहिल्यांदा. फिजीच्या त्या पथकात ड्रुआच्या खेळाडूंचा मोठा भरणा होता. ऑस्ट्रेलिया इतिहासात प्रथमच गटातूनच बाहेर पडला.

तिसऱ्यांदा मांडायची झाली तर

पर्थ, कॅनबेरा आणि क्वीन्सलँडच्या ग्रामीण भागाला नवं काही शोधायला नको, तिथे संघ आणि माणसं जुळलेली आहेत. मेलबर्न जास्त अवघड आहे, कारण रेबेल्सचा सुपर रग्बी संघही 2024 मध्ये बंद पडला. खरा पेच सिडनीचा. तिथे कृत्रिम नावांचे संघ पुन्हा काढू नयेत. शूट शील्डचे पहिले दोन क्लब आणि हॉस्पिटल कपचा विजेता यांना त्यांच्याच नावाने, त्यांच्याच रंगात, त्यांच्याच मैदानावर खेळू द्यावं. करारबद्ध खेळाडू इतर क्लबांतून उसने द्यावेत. निवड समितीला हे गैरसोयीचं वाटेल, कारण खेळाडूंची समान वाटणी होणार नाही. संस्थेने पाच वर्षांचा खर्च आधी बाजूला काढून ठेवावा आणि तोवर ताळेबंदावरून स्पर्धा रद्द करता येणार नाही अशी अट घालून घ्यावी. गुण आणि नियमांचे प्रयोग वीस वर्षांखालच्या स्पर्धेत करावेत. आणि होरान-लिटल शील्ड कुठल्या कपाटात असेल तिथून काढून पहिल्याच सामन्यात पणाला लावावी, टूवुम्बात.